सणापुरती शिस्त, शाळेपुरती तरी



अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीच्या नवसाच्या मोदकासाठी लाखो भाविक हिंगोलीत उतरतात. त्या दिवशी शहरात बल्ल्या रोवल्या जातात, बॅरिकेड लागतात, जड वाहने बाहेरून वळवली जातात. दीडशे वर्षांहून जुन्या परंपरेच्या आपल्या दसऱ्यातही रामलीला मैदानाभोवती पायी चालणाऱ्याला वाट मिळते. सण सरतो, बल्ल्या उपटल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत निघालेले पोर पुन्हा ट्रक आणि दुचाक्यांच्या मधून रस्ता ओलांडू लागते. रस्ता तात्पुरता कसा आवळायचा, हे या शहराला चांगले येते. ते आपण फक्त सणासाठी राखून ठेवले आहे.

एरवी आपला उपाय एकच. अपघात होतो, संतापलेले लोक रस्ता अडवतात आणि रातोरात डांबराचा उंचवटा उभा राहतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार, वाहन ताशी 25 किलोमीटरने सुखरूप जावे यासाठी गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा. त्यावर पट्टे हवेत, अलीकडे फलक हवा. आपल्या गल्लीतला गतिरोधक अरुंद, उभट आणि बिनरंगाचा असतो. रात्री तो दिसत नाही, दुचाकीवर मागे बसलेल्याची कंबर मोडतो आणि चुकीच्या जागी पडला तरी कुणी काढत नाही.

याहून शहाणी रीत महाराष्ट्रातच वापरून झाली आहे. मुंबईत मालाडच्या मिठचौकीला बॅरिकेड, शंकू आणि रंग वापरून चौकाचा आकार बदलून पाहिला गेला. पुण्यात औंधला 2016 मध्ये पादचाऱ्यांसाठी जागा वाढवून रस्त्याची चाचणी झाली, आणि 11 डिसेंबर 2021 रोजी गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचारी दिनानिमित्त वाहनांना बंद ठेवला गेला. केंद्राच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ या पादचारीस्नेही रस्त्यांच्या स्पर्धेत निवडल्या गेलेल्या शहरांत पुणे, नागपूर आणि पिंपरी-चिंचवडबरोबर आपल्या मराठवाड्याचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगरही होते.

रस्ता असा आवळण्यामागचे गणित साधे आहे. ताशी 40 किलोमीटरच्या वेगाने येणारे वाहन एका सेकंदात 11 मीटर पुढे सरकते. चालकाने मूल पाहून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत तेवढे अंतर गेलेले असते. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. मोकळा, रुंद रस्ता दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटर दाबतो. कडा आवळल्या, वळण अरुंद केले की तोच पाय सैल पडतो. त्यासाठी वाळूची पोती, रंगवलेले टायर, चुन्याचे पट्टे आणि चमकणारी टेप एवढे पुरते. फसले तर संध्याकाळी उचलता येते. जमले तर पुढे पक्के बांधता येते.

आपल्या जिल्ह्याला याची घाई आहे. अकोला-नांदेड महामार्गावरून आलेले वाहन महामार्गाचाच वेग घेऊन गावात शिरते. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आवक, मग उसाच्या ट्रॉल्या, उन्हाळ्याच्या तोंडाशी वसमत-हिंगोलीच्या बाजारात हळद. रस्ता सहा महिने भरलेला असतो. राज्यात वर्षाला पंधरा हजारांवर माणसे रस्त्यावर मरतात आणि त्यांत पायी चालणारे व दुचाकीस्वार फार मोठ्या संख्येने असतात.

व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक तुटण्याची धास्ती वाटेल, हातगाडीवाल्यांना जागा जाण्याची. ती धास्ती खोटी नाही, म्हणून आधी त्यांना विचारावे आणि मगच चुना ओढावा. आणखी एक पथ्य पाळावे. सरकारी कारभारात ‘तात्पुरते’ म्हटलेले वर्षानुवर्षे धूळ खात उभे राहते. तेव्हा प्रयोगाला महिन्याची मुदत ठेवावी, आधी आणि नंतर वाहनांचा वेग मोजावा, आकडे चावडीवर लावावेत.

जिल्हाधिकारी, नगरपालिका, पोलीस आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना आमची विनंती आहे: दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडतील त्या आठवड्यात हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही ठिकाणी एकेका शाळेसमोर हा प्रयोग करा. 1 मे 1999 ला जन्मलेल्या या जिल्ह्याने पंचविशी ओलांडली आहे. एवढे काम त्याला जड नाही. वाचकहो, तुमच्या गावातली कोणती शाळा आधी घ्यावी, ते आम्हाला कळवा. आम्ही ती यादी प्रशासनाकडे पोहोचवू.

 दिवाळीच्या फराळाला घरोघर जाल, तेव्हा गल्लीत गाडी हळू चालवा.

— संपादक