माजी सैनिकाला शाल नको, तास द्या

१/ अमरावती-अकोल्याच्या शाळांत युद्धाचा इतिहास साधारणतः दोनदाच अवतरतो : परीक्षेत सनावळी म्हणून आणि २६ जानेवारीला व्यासपीठावरील माजी सैनिक म्हणून. शाल, श्रीफळ, छायाचित्र, निरोप. त्याला प्रश्न कोणी विचारत नाही. याला सन्मान कसे म्हणावे? #थ्रेड

२/ १९७१ च्या डिसेंबरात विशीत असलेला जवान आज सत्तरीपार आहे. १९४२ चा ऑगस्ट दहाव्या वर्षी पाहिलेले मूल आज नव्वदीपार. कागद उद्याही वाचता येईल. या माणसांना विचारायचे ते आजच.

३/ शिवाय ही स्मृती एकट्या इतिहासाची नव्हे. १९६५ साली युद्ध आणि धान्यटंचाई एकदमच आली. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. ज्या आजीने तेव्हा चूल बंद ठेवली, तिच्याइतके नागरिकशास्त्र कोणत्या पुस्तकात आहे?

४/ विज्ञान : ‘सीएसएच-१’ हे संकरित ज्वारीचे वाण १९६४ चे. धान्यस्वावलंबनाचा ध्यास घेतलेले मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, म्हणजे वऱ्हाडचेच. १९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ आले. ‘हायब्रीड’ची पहिली भाकर आठवणारे आजोबा हा सारा धडा एका बैठकीत सांगतील.

५/ भाषा व भूगोल : सीमेवरच्या जवानाच्या पत्त्यात गाव नसे, ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ एवढेच. पत्रातील थंडी, नदी, चढण यांवरून ठिकाण नकाशावर शोधणे, याहून सरस स्वाध्याय कोणता?

६/ मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले. ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ची ठिणगी वऱ्हाडात यावली, बेनोडा येथे पोहोचली. महायुद्ध आणि स्वातंत्र्यलढा वर्गात दोन धडे असतात. गावाने ते एकाच वर्षात भोगले.

७/ आक्षेप ठरलेला : ‘म्हाताऱ्यांची स्मृती चुकते.’ चुकते, म्हणूनच ती वर्गात हवी. दोघे एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगतात, तेव्हा विद्यार्थी पत्रे, जुनी वृत्तपत्रे, सेवेची कागदपत्रे धुंडाळतो. इतिहासाची पद्धत हीच.

८/ दुसरा धोका खरा आहे : वर्गाचा वीरकथांचा फड होण्याचा. म्हणून भीतीबद्दल, रजेबद्दल, पगाराबद्दलही विचारावे. तो सीमेवर असताना पेरणी कोणी केली, हे त्याच्या पत्नीला विचारावे.

९/ शाळा ठरवीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. या सुटीत घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, तारीख व गाव नोंदवावे, आणि त्यांची वऱ्हाडी बोली ‘शुद्ध’ करू नये.