कागद तिच्या हाती पडला पाहिजे

मुरबे हे पालघर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. पुरुषांनी बोटीवर जावे आणि बायकांनी मासळीच्या पाट्या बाजारात न्याव्यात, हा या किनाऱ्याचा जुना क्रम. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने त्यात पाळीच्या मजुरीची भर घातली. अशा गावातील राबत्या स्त्रीने नवऱ्याच्या माराविरुद्ध पोलीस ठाणे गाठायचे, तर त्या दिवसाच्या रोजावर पाणी सोडावे लागते. इतके करून परतताना तिच्या हाती काय असते, हा खरा प्रश्न आहे.

अनेकदा हाती काहीच नसते. ‘घरचे भांडण घरात मिटवा’ एवढा उपदेश तेवढा पदरात पडतो. फार झाले तर अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे ‘एनसी’ मिळते. तक्रार लिहिली गेली, या समाधानात ती घरी जाते. पण दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून एनसीचा तपासच होत नाही, हे तिला कोणी सांगत नाही. घरी मारणाराही निर्धास्त होतो. प्रथम खबर, अर्थात एफआयआर, आणि एनसी यांतील हा फरक कित्येकदा जीवन-मरणाचा ठरतो.

याच जिल्ह्यातील नालासोपाऱ्याचे उदाहरण विसरता येणार नाही. २३ नोव्हेंबर २०२० रोजी श्रद्धा वालकर या तरुणीने तुळींज पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. सोबत राहणारा पुरुष मारहाण करतो, त्याने गुदमरवून जीव घेण्याचा प्रयत्न केला, तुकडे करून फेकण्याची धमकी देतो, असे तीत स्पष्ट लिहिले होते. पुढे तिनेच भांडण मिटल्याचे लिहून दिले आणि प्रकरण बंद झाले. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. नोव्हेंबरमध्ये तो उघडकीस आल्यावर धर्माच्या नावाने गदारोळ करणाऱ्यांना त्या अर्जाचे काय झाले याची फिकीर नव्हती. दहशतीखाली जगणाऱ्या स्त्रीने ‘मिटले’ असे लिहून दिले, की राज्ययंत्रणेचे कर्तव्यही मिटते काय?

कायदा या बाबतीत मुका नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदवणे बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात दिला. मात्र वैवाहिक तंट्यांत प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली, आणि ती पळवाट झाली. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे अशा चौकशीस उपअधीक्षकाची पूर्वपरवानगी लागते व ती १४ दिवसांत संपवावी लागते. त्याच कलमाने खबरीची प्रत तक्रारदारास किंवा पीडितेस तत्काळ व विनामूल्य मिळाली पाहिजे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी जावे, तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे. माहेरी आश्रय घेतलेल्या स्त्रीला तेथेच छळाचा गुन्हा नोंदवता येतो, हेही २०१९ मध्ये ठरले आहे. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडून घटनेचा अहवाल करवून संरक्षण व निवाऱ्याचा आदेश मागता येतो. हा मार्ग गुन्हा नोंदवण्याच्या आड येत नाही. तो मार्ग तिला सांगणे हे पोलिसांचेच कर्तव्य आहे.

हे हक्क कोणा सरकारने औदार्याने दिलेले नाहीत. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा हिच्या मृत्यूने स्त्रिया रस्त्यावर आल्या. देशभर अशाच चळवळी उठल्या. तेव्हा १९८३ मध्ये ४९८-अ हे कलम दंडसंहितेत आले. आज तेच न्याय संहितेचे कलम ८५ आहे. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रियांसाठी विशेष कक्ष उघडला, तोही एकट्या बाईला ठाण्यात वाली नसतो हे ओळखूनच.

मग कार्यकर्त्यांचे काम कोणते? मारलेल्या स्त्रीसोबत ठाण्यात जाणे. आधी रुग्णालयात जखमांची नोंद करवणे. जबानी तिच्याच शब्दांत लिहिली गेली की नाही, हे तिला वाचून दाखवून मगच सही करू देणे. एनसीवर बोळवण होत असेल तर तेथेच हरकत घेणे. आणि प्रत तिच्या हाती पडल्यावाचून उठू नये.

दुसरे काम अधिक अवघड आहे. गावकीत बसून ‘समेट’ घडवणाऱ्यांत चळवळीतले पुरुषही असतात. कारखान्याच्या दारात समतेची घोषणा देणारा हात घरी बायकोवर उठत असेल, तर त्याला पाठीशी घालणारी संघटना मालकाच्या दडपशाहीविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलणार? मजुराच्या मजुरीची पावती मागणाऱ्यांनी त्याच्या बायकोच्या तक्रारीची प्रतही तितक्याच निकराने मागितली पाहिजे. मुरब्याची स्त्री ठाण्यातून रिकाम्या हाताने परतणार नाही, याची हमी ग्रंथातला कायदा देत नाही. तिच्या शेजारी उभी राहणारी माणसे देतात.