घरची शाळा आधी उघडा

मे महिना सरत आला की मालवणच्या किनाऱ्यावरच्या आपल्या वस्त्यांतून एकच चित्र दिसते. मुंबईची पाहुणेमंडळी परतीच्या गाडीला लागतात. अंगणात वाळत घातलेली सोलां पावसाच्या धास्तीने आत घेतली जातात. आणि महिनाभर आंबे, फणस, समुद्र यांत रमलेल्या मुलाला आई हाक मारते, "अभ्यासाक बस रे!" "शाळा सुरू झाली काय बसतलंय," असे उत्तर येते. मग रागावणे, धपाटा, रडारड. पुस्तक उघडण्याआधीच पुस्तकाशी वैर होते.

आम्हाला वाटते, यात मुलाचा दोष थोडा आणि आपला अधिक आहे. मोडलेली सवय एका दिवसात जुळत नाही. शाळा जूनच्या मध्याला उघडते. घरची शाळा त्याआधी आठ-दहा दिवस उघडली पाहिजे.

हा प्रश्न लहान नाही. नव्या इयत्तेचा पहिला धडा मागच्या इयत्तेवर उभा असतो. पाढे विसरलेले मूल वर्गात गप्प बसते. गप्प बसणारे मूल हळूहळू शाळा बुडवू लागते, आणि आपल्या समाजात शाळा सुटलेल्या मुलाची वाट थेट मजुरीकडे जाते. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणी असते. आपल्या मुलाला घराचाच आधार. त्यात कोकणचा पाऊस. व्हाळाला पाणी आले की शाळा बुडते. २०२० साली कोरोनात तर शाळांची दारेच बंद झाली, तेव्हा घर हीच शाळा ठरली. मोबाईलला रेंज मिळावी म्हणून डोंगरावर खोपी बांधून शिकणारी मुलगी आपल्याच सिंधुदुर्गातली होती.

बाबासाहेबांचे घराणे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, म्हणजे आपल्या कोकणातलेच. त्यांचे वडील सुभेदार रामजी फौजेच्या शाळेत शिक्षक होते. मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत सारा संसार. अभ्यासाला जागा कुठली? भीमरावांनी लवकर झोपावे आणि सगळीकडे शांत झाले की रात्री दोन वाजता रामजींनी त्यांना उठवावे, असा क्रम ठरला. दिव्याच्या उजेडात अभ्यास होई. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. आपल्या लहानग्यांना रात्री दोनला उठवा, असे आम्ही म्हणत नाही. घ्यायची ती रामजींची व्यवस्था. जागा नसली तरी वेळ ठरवता येते, आणि मुलासाठी बाप स्वतः जागा राहतो.

मग सुरुवात कशी करावी? पहिले दोन दिवस पुस्तकाला हात लावू नये. झोपायची आणि उठायची वेळ तेवढी शाळेची करावी. मुलाला सुट्टीतल्या गमती सांगायला लावाव्यात. तिसऱ्या दिवशी त्यातल्याच पाच ओळी लिहायला सांगाव्यात. गणितही घरातच आहे. पाच डझन आंबे म्हणजे किती? रातांबे किती किलो आणले आणि वाळून सोलां किती झाली? चौथ्या दिवशी मागच्या इयत्तेचे पुस्तक काढावे आणि मुलाला आवडलेला धडा आधी घ्यावा. पहिल्या दिवशी दहा मिनिटे, मग पंधरा, शाळा उघडेपर्यंत अर्धा तास. रोज एक पाढा. संध्याकाळी त्रिशरण-पंचशील झाले की लगेच बसावे. त्या वेळी टीव्ही बंद, मोबाईल दूर. पावसात वीज जाते, म्हणून बॅटरी किंवा कंदील आधीच तयार ठेवावा.

काही माता म्हणतात, "आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय शिकवणार?" भगिनींनो, तुम्ही फक्त शेजारी बसा. मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. ते अडखळले की तुमच्या कानाला कळते. "परत वाच" म्हणा. वाचून झाल्यावर "काय कळले ते मला सांग" म्हणा. आईला समजावून सांगताना मुलाचा धडा पक्का होतो. किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ज्या बापाची मजुरी होडीवर आहे, तो या दिवसांत घरी असतो. पोटाची काळजी असते हे आम्ही जाणतो. पण त्यातले अर्धा तास मुलाजवळ बसण्याला पैसे पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मुलगा अभ्यासाला बसतो आणि मुलगी भांडी घासून धाकट्याला घेऊन बसते, असे आपल्याही घरांत दिसते. त्या अर्ध्या तासात दोघेही पुस्तकापाशी हवीत. काम राहिले तर नंतर दोघांनी मिळून करावे. तसेच मुंबईच्या भावंडाशी तुलना नको, "तू कसला शिकतोस" हे वाक्य तर नकोच. आपल्या पूर्वजांना ते बाहेरच्यांनी पुष्कळ ऐकवले. ते घरात तरी ऐकू येऊ नये.

पावसाळा हा तर आपल्या परंपरेत अभ्यासाचाच काळ. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्खू एका ठिकाणी वर्षावास करतात, आणि आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. यंदा त्या वाचनात एखादा उतारा आपल्या मुलाला किंवा मुलीला वाचू द्या. घरात रोज दहा मिनिटे वाचलेले मूल तिथे सर्वांसमोर निर्भयपणे उभे राहील. त्याची तयारी आजपासून, आपल्या ओटीवर सुरू होऊ द्या.

जयभीम!