हीटर नसलेल्या टाकीत मासा कोणता?

गेल्या जानेवारीत एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलाला दवाखान्यात घेऊन आली. ताप नव्हता, घसा स्वच्छ होता, पोट मऊ होते. तक्रार एवढीच, की तीन दिवस तो धड जेवत नव्हता. बोलता बोलता उलगडा झाला. वाढदिवसाला आणलेला फायटर मासा मेला होता आणि आदल्या दिवशी आपण त्याला खाणे घालायला विसरलो म्हणूनच तो गेला, असे मुलाने मनाशी धरले होते. मासा एक दिवसाच्या उपासाने मरत नाही, हे मी त्याला सांगितले. काचेचे भांडे खिडकीत होते आणि नाशिकची ती थंडी. अपराध असलाच तर तो आपणा मोठ्यांचा होता.

वाचकहो, माशाला आपल्यासारखे स्वतःचे ठरावीक तापमान नसते. पाण्याचे तेच त्याचे. पाणी गारठले की त्याचे पचन मंदावते आणि रोगप्रतिकारशक्तीही दुबळी होते. फायटरला २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. तो पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून बरणीतही तग धरतो. दुकानदार त्यालाच ‘कुठेही राहतो’ असे म्हणतात. तग धरणे आणि सुखाने जगणे यांतला फरक आम्हा डॉक्टरांना तरी सांगावा लागू नये.

‘हीटरची गरज नाही’ हा सल्ला बहुतेक इंग्रजी पुस्तकांतून आलेला असतो. तो थंड देशांतील घरांसाठी लिहिलेला असतो. त्या यादीत व्हाइट क्लाउड माउंटन मिनो हा चिनी मासा अग्रस्थानी असतो. मासा देखणा आहे, थंडी सहज सोसतो. परंतु आपला मे महिना त्याला सोसवत नाही. माझ्या दवाखान्यातल्या टाकीचे पाणी डिसेंबरच्या पहाटे १७ अंशांवर उतरते आणि मे महिन्यात ३१ वर चढते. आपल्याकडे निवड करताना ही दोन्ही टोके पाहावी लागतात. मुंबई-कोकणात हिवाळ्याची चिंता फारशी नाही. नाशिक, पुणे, विदर्भ येथे ती आहे. म्हणून मासा आणण्यापूर्वी साधा तापमापक आणा आणि आठवडाभर पहाटे व दुपारी नोंद ठेवा.

माझी पहिली पसंती झेब्रा डॅनिओला. निळ्या पट्ट्यांचा, दीड इंचाचा हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. तेथील थंडी आणि ऊन दोन्ही अनुभवलेला. वैद्यकाचेही त्याच्याशी जुने नाते आहे. त्याच्या जनुकसंचाचे वाचन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची जोडीदार जनुके त्याच्यात आढळली. तो कळपात राहणारा आहे. एकटादुकटा ठेवू नये. दीड फूट लांब, एक फूट रुंद व तितक्याच उंच टाकीत सुमारे चाळीस लिटर पाणी मावते. तीत सहा डॅनिओ पुरेत. टाकीवर झाकण हवेच, कारण हा उड्या मारतो.

गप्पी आपल्या परिचयाचा, डासांच्या अळ्या खाणारा म्हणून. पाणी १८ अंशांखाली गेले की तो सुस्तावतो. उबदार गावी मात्र उत्तम. नर-मादी एकत्र ठेवल्यास महिन्या-महिन्याला पिल्ले होतात, तेव्हा केवळ नर आणावेत. जास्तीची पिल्ले ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत. तेथील मूळ माशांवर संकट येते.

टाकी वीस लिटरचीच असेल, तर मासा नकोच. तिथे चेरी श्रिंप ही लाल, बोटाच्या पेराएवढी कोळंबी ठेवावी. शेवाळ खात दिवसभर खुडबुडत राहते, मुले तासन्‌तास पाहतात. तीस अंशांपुढे ती त्रासते, म्हणून उन्हाळ्यात टाकी घरातल्या गार कोपऱ्यात हलवा. तिला तांबे विषासमान आहे. तांब्याच्या हंड्यातले पाणी टाकीत ओतू नका आणि माशांचे औषध घालण्याआधी त्यात तांबे आहे का ते वाचा.

गोल्डफिशविषयी स्पष्टच सांगतो: लहान टाकीत नको. तो थंडी सोसतो हे खरे. पण वीतभर वाढतो आणि पुष्कळ अमोनिया सोडतो. आपल्या शरीरात यकृत अमोनियाचे युरिया करते. मासा तो कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात टाकतो आणि तिथले जिवाणू त्याचे रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ मासे थोडे आणि खाणे त्याहून थोडे. नळाचे पाणी बादलीत चोवीस तास उघडे ठेवून मगच वापरावे.

आता हातांविषयी. टाकीच्या पाण्यातला एक जिवाणू बोटावरच्या जखमेतून शिरतो आणि काही आठवड्यांनी न दुखणारी, न बरी होणारी गाठ उठवतो. उपचार महिनोन्‌महिने चालतात. जखम असताना पाण्यात हात घालू नका, नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका, मुलांचे हात साबणाने धुवा. अशी गाठ दिसलीच, तर घरी माशांची टाकी आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आम्ही ते विचारायला बहुधा विसरतो.

त्या मुलाकडे आता सहा डॅनिओ आहेत. तापमानाची वही तोच लिहितो. परवा तपासायला म्हणून मला दाखवून गेला.