मैदानाची किल्ली कुणाकडे होती?

खेळाडू मित्रमैत्रिणींनो, पालकहो, क्रीडाशिक्षकहो,

18 एप्रिल 2021, रविवार. त्या एका दिवसात महाराष्ट्रात 68,631 नवे कोरोनाबाधित सापडले. राज्यातला तो सर्वांत मोठा आकडा. संचारबंदी लागू होती, खाटेसाठी आणि ऑक्सिजनसाठी माणसं दारोदार फिरत होती. त्याच संध्याकाळी मुंबईत वानखेडेवर दिवे लागले आणि दिल्ली विरुद्ध पंजाब हा आयपीएलचा सामना रंगला. प्रेक्षक नव्हते, पण कॅमेरे होते.

आणि आपल्या कॉलेजची मैदानं? त्यांना कुलूप होतं. उंच उडीच्या गाद्या जिमखान्यात धूळ खात होत्या. खो-खोच्या आखलेल्या पट्ट्या पुसून गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं.

एकाच राज्यात, एकाच साथीत, एकाच संध्याकाळी खेळाचे दोन कायदे होते. हा फरक कुणी केला आणि कुणाला विचारून केला, एवढंच हे पत्रक विचारतं.

गैरसमज आधीच दूर करू

"माणसं मरत होती आणि तुम्हाला खेळ सुचतोय?" हा प्रश्न आम्हाला तेव्हाही ऐकवला गेला, आजही ऐकवला जातो. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो.

मार्च 2020 मध्ये खेळ थांबवला, हे बरोबरच केलं. विषाणू नवा होता, चाचण्या तुटपुंज्या होत्या, लस नव्हती. तेव्हा स्पर्धा भरवा असं म्हणणारा माणूस खेळाडूंचा हितचिंतक नव्हता. मैदानांनी तर खेळापेक्षा मोठं काम केलं. पुण्यात शिवाजीनगरला सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या मैदानावर 800 खाटांचं जम्बो रुग्णालय उभं राहिलं. जिथं मुलं धावायची तिथं माणसं श्वासासाठी झुंजली. त्या मैदानाबद्दल आमची एका शब्दाची तक्रार नाही. उलट अभिमान आहे.

तक्रार त्या मैदानांबद्दल आहे जिथं रुग्णालय नव्हतं, विलगीकरण केंद्र नव्हतं, गर्दी नव्हती, काहीच नव्हतं. फक्त कुलूप होतं. आणि ते का आहे, कधी निघणार, हे सांगणारं कुणी नव्हतं.

काय काय उघडलं, ते क्रमाने पाहा

5 ऑक्टोबर 2020 ला हॉटेलं आणि बार उघडले. 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, व्यायामशाळा उघडल्या. 5 नोव्हेंबरला नाट्यगृहं आणि चित्रपटगृहं निम्म्या क्षमतेने सुरू झाली. 16 नोव्हेंबरला, पाडव्याला, देवळं उघडली. कॉलेजं निम्म्या हजेरीने उघडायला 15 फेब्रुवारी 2021 उजाडला आणि दुसऱ्या लाटेनं ती लगेच पुन्हा बंद केली. पुढे ती उघडली 20 ऑक्टोबर 2021 ला. म्हणजे बंद खोलीत बसून पेला उचलायला परवानगी मिळाली, त्यानंतर कॉलेजच्या मैदानावर उघड्या आकाशाखाली गोळा उचलण्याची वाट, मधले थोडे दिवस सोडले तर, वर्षाहून अधिक काळ पाहावी लागली.

5 नोव्हेंबरच्या त्या आदेशात जलतरण तलावही उघडले होते. पण कुणासाठी? राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्तरावरच्या खेळाडूंच्या सरावासाठी. म्हणजे जो आधीच राज्यस्तरावर पोचलाय त्याला पाणी, आणि जो त्या वर्षी पोचणार होता त्याला कोरडा काठ. कॉलेजचा खेळाडू म्हणजे दुसरा कोण? अजून पोचायचा आहे, तोच.

डिसेंबर 2020 मध्ये आपल्या विधिमंडळानं आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा मंजूर केला. चांगली गोष्ट. पण जी विद्यापीठं होती त्यांची मैदानं तेव्हा बंद होती, यावर तिथं किती जण बोलले?

एका कुलपात सगळे खेळ

खेळ म्हटलं की सगळे एकच, असं ज्याला वाटतं तो कधी मैदानावर गेलेला नाही. कबड्डीत चढाई करणारा "कबड्डी कबड्डी" म्हणत समोरच्याच्या तोंडावर श्वास सोडतो. कुस्तीत तर दोन देहांत कागद सरकायला जागा नसते. श्वासातून पसरणाऱ्या साथीत हे दोन खेळ सर्वांत आधी बंद व्हावेत आणि सर्वांत शेवटी उघडावेत, हे आम्ही कबड्डीवाले आणि तालमीतली पोरं स्वतः सांगतो. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची गदा दिली गेली, त्यानंतरची गदा थेट एप्रिल 2022 मध्ये साताऱ्यात. तालमींनी ते सोसलं.

पण भालाफेकीचं काय? भाला फेकणाऱ्याच्या जवळ उभं राहायला साथ नसतानाही कुणी धजत नाही. तिरंदाज आपापल्या खुणेवर उभे असतात. लांब उडीच्या खड्ड्यात एका वेळी एकच माणूस उतरतो. पाच हजार मीटर धावणाऱ्या मुलीला पहाटे सहाला मोकळा ट्रॅक आणि घड्याळ धरलेले एक सर, एवढंच लागतं. कॉलेजच्या मैदानावर मात्र यांना आणि कबड्डीच्या संघाला एकच कुलूप लावलं गेलं. कुलूप लावणाऱ्याला खेळांतला फरक कळत नव्हता, किंवा कळून घ्यायचा नव्हता.

7 ऑगस्ट 2021 ला टोकियोत नीरज चोप्राचा भाला सुवर्णपदकाला जाऊन भिडला. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी आपली कॉलेजं बंद होती. त्याच ऑलिंपिकमध्ये बीडच्या अविनाश साबळेनं स्टीपलचेसमध्ये राष्ट्रीय विक्रम मोडला, साताऱ्याच्या प्रवीण जाधवनं भारतासाठी बाण सोडले. दोघांच्याही डोक्यावर सैन्यदलाचं छत्र होतं. ज्याच्या डोक्यावर फक्त कॉलेजच्या जिमखान्याचं पत्र्याचं छप्पर आहे, त्याचं काय?

अमेरिकेत भांडण झालं

कॉलेजच्या खेळांवर सर्वांत मोठा वाद झाला तो अमेरिकेत. तिथली कॉलेज स्पर्धांची शिखर संघटना एनसीएए. तिनं 12 मार्च 2020 ला बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा रद्द केली. 1939 पासून चालत आलेली ही स्पर्धा दुसऱ्या महायुद्धातही थांबली नव्हती. पण थांबवल्यावर अठराच दिवसांत, 30 मार्चला, त्याच संघटनेनं ठरवलं की ज्या खेळाडूंचा वसंत ऋतूचा हंगाम बुडाला त्यांना पात्रतेचं एक वर्ष वाढवून देता येईल. पुढे शरद आणि हिवाळी हंगामातल्या खेळाडूंनाही ते मिळालं.

मग अमेरिकन फुटबॉलचा वाद पेटला. 11 ऑगस्टला 'बिग टेन' या बड्या विद्यापीठांच्या गटानं हंगाम पुढे ढकलला. खेळाडूंनी "आम्हाला खेळायचंय" अशी मोहीम उघडली. दुसऱ्या बाजूला खेळाडूंचाच एक गट आधी सुरक्षितता मागत होता. पालकांनी मोर्चे काढले, नेब्रास्का विद्यापीठाचे खेळाडू कोर्टात गेले. 16 सप्टेंबरला, रोज चाचणी करण्याच्या अटीवर, निर्णय फिरला. 'आयव्ही लीग' या दुसऱ्या गटातली विद्यापीठं मात्र खेळलीच नाहीत. आपण का खेळत नाही हे त्यांनी उघडपणे सांगितलं.

भीती खोटी होती का? नव्हती. त्याच सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातला एक कॉलेज फुटबॉलपटू कोरोनानंतरच्या गुंतागुंतीनं दगावला. कोरोना होऊन गेलेल्या 26 खेळाडूंची ओहायो स्टेट विद्यापीठात तपासणी झाली, तेव्हा चौघांच्या हृदयाच्या स्नायूंना सूज असल्याच्या खुणा दिसल्या. देश हादरला. पण तपासणी तिथं थांबली नाही. बिग टेनच्या 1,597 खेळाडूंची हृदयं तपासली, तेव्हा ती सूज 37 जणांत आढळली, म्हणजे शंभरात दोन-तीन. धोका होता, पण पहिल्या आकड्यानं भासवला तेवढा नव्हता. हे मोजल्यामुळे कळलं.

अमेरिकेची आरती ओवाळायला आम्ही हे लिहिलेलं नाही. तिथंही पैशाचाच खेळ आधी सुरू झाला. टीव्हीवर विकला जाणारा फुटबॉल मैदानात उतरला आणि जुलै 2020 मध्ये स्टॅनफर्डसारख्या गडगंज विद्यापीठानं कुस्ती आणि तलवारबाजीसह 11 खेळ बंद करण्याची घोषणा केली. खेळाडू आणि माजी विद्यार्थी भांडले, तेव्हा मे 2021 मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. तिथं जे वाचलं ते भांडणामुळे वाचलं. आणि इथं? इथं भांडणच झालं नाही. कुलूप कुणी लावलं हेच माहीत नसेल, तर माणूस भांडणार कुणाशी? प्राचार्य विद्यापीठाकडे बोट दाखवायचे, विद्यापीठ शासनाकडे, शासन केंद्राच्या सूचनांकडे.

बुडालं ते नेमकं काय?

भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा 1 मार्च 2020 ला संपल्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ देशात दुसरं आलं होतं. पुढच्या स्पर्धा बंगळुरूत सुरू झाल्या त्या 24 एप्रिल 2022 ला. मधे दोन वर्षं गेली. पदवी तीन वर्षांची असते. हिशोब ज्याचा त्यानं करावा.

ही दोन वर्षं कुणाची होती? त्या मुलाची, ज्याला शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणासाठी एका पदकाचं प्रमाणपत्र हवं होतं. स्पर्धाच झाली नाही, तर प्रमाणपत्र कुठून येणार? तो एमआयडीसीत कामाला लागला आणि स्पाइक्स माळ्यावर गेले.

आणि त्या मुलीची. आपल्याकडे गावातल्या मुलीच्या खेळाला घरून मिळालेली मुदत बहुतेकदा कॉलेजच्या तीन वर्षांपुरती असते. बस पकडून तालुक्याला जायचं, सरांच्या भरवशावर बाहेरगावी स्पर्धेला जायचं, हे सगळं "कॉलेजात आहे तोवर" या एका वाक्यावर चालतं. त्यातली दोन वर्षं कुलपात गेली, तर तिसऱ्या वर्षी घरात स्थळं पाहिली जातात. साथ ओसरते, मैदान उघडतं, पण ती मुलगी मैदानावर परत येत नाही.

वर्षं वाया गेली हे सरकारला कळलंच नाही, असंही नाही. 17 डिसेंबर 2021 च्या शासन निर्णयानं, साथीच्या काळात वयाची मर्यादा ओलांडलेल्या स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना आणखी एक संधी दिली. योग्यच केलं. अभ्यासिकेत बसलेल्याचं वय वाढतं हे सरकारनं मान्य केलं. मग धावपट्टीवरच्याचं वय काय उतरत जातं? विद्यापीठांनी जिमखाना शुल्कात सूट दिली, त्याबद्दल आभार. पण आम्ही हरवलेलं वर्ष मागत होतो, हातात पावती पडली.

आमच्या मागण्या

1. साथीत मैदान बंद करायचं असेल तर कारण लेखी द्या, मुदत लिहा आणि दर पंधरा दिवसांनी त्या जिल्ह्यातली स्थिती पाहून फेरविचार करा. मुदत नसलेलं कुलूप आम्हाला मान्य नाही.

2. खेळांची वर्गवारी आजच करून ठेवा: अंगाला अंग भिडणारे आणि न भिडणारे, उघड्यावरचे आणि बंदिस्त. साथ आल्यावर नव्हे, आत्ता.

3. ज्या वर्षी स्पर्धा झाल्या नाहीत ते वर्ष खेळाडूच्या वयात आणि पात्रतेत धरू नका. नोकरीच्या आरक्षणालाही हाच नियम लावा. ही सवलत कुणाच्या मर्जीवर नको, नियमावलीत छापलेली हवी.

4. निर्णय घेणाऱ्यांत डॉक्टर असू द्या, क्रीडाशिक्षक असू द्या, आणि सध्या खेळत असलेला एक मुलगा व एक मुलगीही असू द्या.

5. आजारातून उठलेल्या खेळाडूला हृदयाच्या तपासणीशिवाय मैदानात उतरवू नका. या तपासणीचा खर्च संस्थेनं करावा.

6. रुग्णालयासाठी मैदान लागलं तर हक्कानं घ्या. काम संपल्यावर मात्र ते खेळण्याजोगं करून परत द्या.

यातली एकही मागणी अशी नाही की जिच्यासाठी तिजोरी उपसावी लागेल. बहुतेकांना कागद, पेन आणि एक बैठक पुरते.

तुम्ही काय करायचं?

पालकहो, कॉलेजच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: "उद्या पुन्हा साथ आली तर आमच्या मुलांच्या खेळाचं तुम्ही काय ठरवलंय?" उत्तर तोंडी घेऊ नका. क्रीडाशिक्षकहो, तुम्हाला प्रत्येक मुलाची वेळ आणि प्रत्येक मुलीची उडी पाठ असते. त्या दोन वर्षांत तुमच्या जिमखान्यातून किती जणांनी खेळ सोडला, त्यांची यादी करा. तो आकडा कुठल्याच कार्यालयात नाही, तो फक्त तुमच्याकडे आहे. विद्यापीठाच्या अधिसभेवर निवडून गेलेल्यांनो, वरच्या सहा मागण्या ठराव म्हणून मांडा. आणि खेळाडूंनो, हे पत्रक मोबाइलमध्ये फोटो काढून विसरू नका. जिमखान्याच्या फळ्यावर लावा, मैदानाच्या कुलपाच्या अगदी शेजारी.

पुढच्या वेळी ते कुलूप लागेल तेव्हा किल्ली कुणाकडे आहे, हे आपल्याला नावानिशी माहीत असलं पाहिजे.

आपले,
कॉलेजच्या मैदानावर वाढलेले काही खेळाडू, पालक आणि क्रीडाशिक्षक