एसटीच्या वेळेत मावणारं कॉलेज

खेड्यात मुलींच्या उच्चशिक्षणाचा विषय निघाला की "मुलींसाठी वेगळं कॉलेज काढा" ही मागणी हमखास येते. रांजणगावसारख्या ठिकाणी, जिथे हमरस्ता आहे, एमआयडीसी आहे आणि बाहेरगावची माणसं आहेत, तिथे ती जास्तच जोरात येते. आमचा या मागणीला विरोध नाही. एरवी बारावीनंतर घरी बसवली गेली असती अशी एखादी पोरगी त्यामुळे शिकत असेल, तर कॉलेज जरूर निघावं. पण ते कशासाठी हवंय, हे विचारण्याचा हक्क आम्ही सोडणार नाही.

पोरीला शिकता यावं म्हणून, की ती कुणाशी बोलते यावर नजर राहावी म्हणून? 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिलं होतं की, जात टिकते ती बाईवर पहारा ठेवून. त्याच वर्षी महर्षी कर्व्यांचं महिला विद्यापीठ सुरू झालं. मराठीतून पदवी मिळू लागली ही मोठी गोष्ट होती, पण अभ्यासक्रमाचा रोख चांगली गृहिणी घडवण्याकडेच होता. "मुलीची जात सुरक्षित राहावी" या हिशोबाने आज कुणी कॉलेजभोवती भिंत बांधणार असेल, तर त्याला आम्ही शिक्षण म्हणणार नाही.

आता रोजचं बघा. अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच. पदवीला पाऊल टाकलं की तो बंद. पुढे सवलत आहे, पण पैसे मोजावे लागतात. आणि पोराच्या गाडीचा हप्ता आधी निघतो अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. कंपनीच्या बस शिफ्टप्रमाणे वेळेवर येतात. पोरीचं कॉलेज मात्र एसटीच्या वेळेत मावेल तेवढंच. तास संपला की स्टँड गाठायचं. वाचनालय, वक्तृत्व, खेळ, नाटकाची तालीम हे सगळं बस गेल्यानंतरचं. आमच्या मते खरं कॉलेज तिथेच सुरू होतं.

मिलिंद महाविद्यालयाने मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली पोरं घडवली ती काय नुसत्या तासांवर? नागसेनवनात वसतिगृह होतं, रात्री जागून वाद घालायला जागा होती. स्वाधार योजनेतून खोलीभाड्याला आणि जेवणाला पैसे मिळतात खरे, पण एकट्या मुलीला खोली देताना घरमालक आधी आडनाव विचारतो. त्या प्रश्नावर अनुदानाचा उतारा नाही.

20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती. हजारो बाया आल्या होत्या. मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहं काढा, ही त्यांची मागणी होती. त्यातल्या कितीजणींना सही करता येत असेल? पण नेमकं काय मागायचं ते त्यांना कळलं होतं.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. कॉलेज मुलींचं असो वा सर्वांचं, आधी वसतिगृह, संध्याकाळपर्यंत उघडं वाचनालय आणि पदवीपर्यंत मोफत पास. एमआयडीसीतल्या कंपन्यांचा सीएसआरचा पैसा कमानी आणि बाकड्यांऐवजी इथे लावा. येत्या ग्रामसभेत आम्ही हा ठराव मांडतोय. ज्यांच्या घरी शिकणारी मुलगी आहे त्यांनी यावं, आणि तिलाही सोबत आणावं. बोलू तिलाच द्या.