रिकाम्या पाळण्याचे अर्थशास्त्र

जत्रेतला पाळणेवाला गर्दी असेल तेथे आपला पाळणा घेऊन जातो. कोट्यवधी रुपये गुंतवून उभारलेल्या मनोरंजन उद्यानाला ती सोय नाही. गिऱ्हाईक येते ते रविवारी, सणाला, शाळेच्या सुट्टीत. मंगळवारी रिकामा फिरलेला पाळणा शनिवारसाठी साठवून ठेवता येत नाही. यंत्रांची देखभाल, पगार आणि कर्जाचे व्याज मात्र वार पाहून थांबत नाही.

पॅरिसजवळ १२ एप्रिल १९९२ रोजी उघडलेल्या युरो डिस्नेला हा धडा महाग पडला. चढे दर आणि हिवाळ्यात ओस पडणारी हॉटेले यांपायी उद्यान कर्जात रुतले. १९९४ मध्ये बँकांना व्याजावर पाणी सोडावे लागले. १९९५ साली ऐन हंगामाचे तिकीट २५० फ्रँकवरून १९५ वर आले, गर्दी वाढली आणि त्या वर्षी प्रथमच नफा दिसला. व्याजाच्या सवलतीचा त्यात वाटा होता, हे खरे. पण उतरलेल्या दराने माणसे आली, हेही तितकेच खरे.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडने फेब्रुवारी २०१६ मध्ये निराळी वाट धरली. तोवर प्रौढाचे एका दिवसाचे तिकीट सरसकट ९९ डॉलर होते. आता दिवसांचे तीन वर्ग पडले: ९५, १०५ आणि ११९. म्हणजे मंदीच्या दिवशी सूट ४ डॉलरची आणि गर्दीच्या दिवशी भार २० डॉलरचा! मागणीचे चढउतार सपाट करण्याचे हे धोरण हिशेबाला चोख असेल, न्यायाला नव्हे. शिक्षक व कारकून यांना सुट्टीचा दिवस निवडण्याची मुभाच नसते. ज्याला दिवस बदलता येत नाही, त्याच्याकडून जादा दर घेणे म्हणजे त्याची वर्तणूक बदलणे नव्हे, त्याच्या अडचणीची किंमत वसूल करणे होय.

स्वस्त दिवस खरोखरच स्वस्त असावेत. शाळांच्या सहली, कामगारांचे गट आणि परिसरातील रहिवाशांचे वार्षिक पास यांनी आडवार भरावेत. गर्दीच्या दिवशी तिकिटांची संख्या आधीच मर्यादित करावी. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकासारख्या उद्यानांची भिस्त मुंबई-पुण्याच्या नोकरदार कुटुंबांवरच आहे. या कुटुंबांची वर्षाकाठची एक सहल परवडेनाशी झाली, तर मंगळवारप्रमाणे रविवारही रिकामा जाईल.